पीआयएल ते पिलो: एका लायब्ररीचा वारसा कसा चालवला गेला

पायथन भाषेत चित्रे उघडणे, कापणे, लहानमोठी करणे, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणे किंवा त्यांवर अक्षरे उमटवणे यांसाठी आज जवळजवळ सर्वत्र पिलो ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली जाते. ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मात्र ‘पीआयएल’ हे वेगळेच नाव इम्पोर्ट केलेले, म्हणजे वापरासाठी आत बोलावलेले, दिसते. नवशिक्यांना बुचकळ्यात टाकणारी ही विसंगती निष्काळजीपणातून आलेली नाही. पीआयएल या मूळ लायब्ररीच्या लेखकाने काम थांबवल्यानंतर, किंबहुना तो थांबला आहे की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते त्या काळात, घेतलेल्या एका निर्णयाची ती खूण आहे. मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाचा लेखक निष्क्रिय झाल्यावर प्रकल्प कसा टिकवावा या प्रश्नाची चर्चा बहुधा फसलेल्या उदाहरणांवरून होते. हे प्रकरण टिकलेल्या उदाहरणाचे आहे, आणि ते का टिकले हे पाहायचे तर सुरुवातीच्या तीन वर्षांत काय केले गेले याइतकेच काय केले गेले नाही तेही तपासावे लागते.

पायथन इमेजिंग लायब्ररी, म्हणजेच पीआयएल, स्वीडनच्या फ्रेड्रिक लुंध यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतली आणि पुढे त्यांच्या सीक्रेट लॅब्ज या कंपनीच्या नावाने ती प्रकाशित होत राहिली. पायथनच्या जगात ‘एफबॉट’ या टोपणनावाने ओळखले जाणारे लुंध हे साधे हौशी लेखक नव्हते. मजकुरातले नमुने शोधणारे पायथनचे रेग्युलर एक्स्प्रेशन इंजिन त्यांचे आहे, आणि एक्सएमएल हाताळण्यासाठी त्यांनी लिहिलेले एलिमेंटट्री २००६ मध्ये पायथन २.५ सोबत भाषेच्या प्रमाण संचातच आले. म्हणून पीआयएलची पुढची अवस्था ही अर्धवट सोडलेल्या प्रयोगाची कथा नाही. ज्याच्या कामावर हजारो लोक निर्धास्तपणे विसंबले होते अशा माणसाचे लक्ष हळूहळू दुसरीकडे गेले, एवढेच बाहेरून दिसत होते.

पीआयएलची १.१.६ ही आवृत्ती २००६ च्या डिसेंबरात आली आणि १.१.७ ही २००९ च्या नोव्हेंबरात. म्हणजे मध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. १.१.७ च्या पानावर पायथन ३ साठीची, म्हणजे जुन्या कोडशी पूर्णपणे न जुळणाऱ्या भाषेच्या नव्या पिढीसाठीची, आवृत्ती नंतर प्रकाशित होईल असे लिहिलेले होते. ती आवृत्ती कधीच आली नाही, पण येणार नाही असेही कोणी म्हटले नाही. लेखकाचा मृत्यू, राजीनामा किंवा जाहीर निरोप या घटनांना एक तारीख असते आणि त्या तारखेनंतर इतरांना हालचाल करता येते. केवळ शांततेला अशी तारीख नसते. पिलोच्या दस्तऐवजांत पुढे अनेक वर्षे असे नमूद होते की काळ जाईल तशी नव्या पीआयएलची शक्यता कमी होत चालली आहे, तरीही ‘पीआयएल संपली’ अशी अधिकृत घोषणा अद्याप ऐकू आलेली नाही.

कोड तोच, भोवताल वेगळा

पीआयएलमध्ये नेमके काय बिघडले होते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण चित्रांवर प्रक्रिया करणारा मूळ कोड त्या काळी फारसा बिघडलेला नव्हताच. अडचण होती ती लायब्ररी संगणकावर बसवण्यात. तोवर पायथनच्या वापरकर्त्यांनी सेटअपटूल्स हे बसवणीचे साधन आणि पॅकेजांची मध्यवर्ती सूची, म्हणजे पायपीआय, यांच्या आधारे लायब्रऱ्या आपोआप उतरवून घेण्याची पद्धत स्वीकारली होती, आणि पीआयएल त्या पद्धतीत बसत नव्हती. सूचीत पॅकेजचे नाव पीआयएल होते, तर प्रत्यक्ष फाइलचे नाव ‘इमेजिंग’ने सुरू होत असे, आणि ती फाइलही सूचीवर नसून लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती. एखाद्या मोठ्या वेबप्रणालीची पन्नास पॅकेजे एका आज्ञेत बसवणाऱ्या माणसाला नेमके हे एक हाताने बसवावे लागे.

दुसरी अडचण अधिक विचित्र होती. पीआयएल बसवली की तिचा फोल्डर पायथनच्या शोधमार्गात अशा रीतीने टाकला जाई की ‘इमेज’ हे मॉड्यूल, म्हणजे लायब्ररीतला एक घटक, थेट इम्पोर्ट करता येई आणि पीआयएलच्या आतूनही करता येई. एकाच प्रोग्रॅमच्या दोन भागांनी दोन वेगवेगळ्या रीती वापरल्या, तर सी भाषेत लिहिलेला एकच गाभा दोन नावांनी दोनदा चढवला जाई आणि ‘हॅश कोलिजन’ असा गूढ संदेश देऊन सगळी प्रक्रियाच बंद पडे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासला तर निर्दोष असे. त्यामुळे हा दोष शोधण्यात लोकांचे तासन्‌तास जात.

तिसरे उदाहरण शिकण्यासारखे आहे, कारण त्यात पीआयएलची एक ओळही बदललेली नव्हती. २०११ मध्ये उबंटू या लिनक्स प्रणालीने निरनिराळ्या प्रोसेसरांसाठीच्या लायब्रऱ्या वेगळ्या फोल्डरांत ठेवायला सुरुवात केली. पीआयएलची बांधणी करणारी स्क्रिप्ट जुन्याच जागी जेपेग आणि झेडलिब या साहाय्यक लायब्रऱ्यांच्या फाइली शोधत राहिली आणि त्या न सापडल्यामुळे जेपेग न वाचू शकणारी लायब्ररी बिनतक्रार तयार करून देऊ लागली. तक्रार यायची ती नंतर, प्रत्यक्ष छायाचित्र उघडताना. त्यावर लोक जुन्या जागी, नव्या जागेकडे नेणारे सांकेतिक दुवे तयार करण्याचा तोडगा एकमेकांना सांगत. ज्या प्रकल्पाचे सगळे काम आता पूर्ण झाले आहे असे म्हटले जाते, त्यालाही देखभाल का लागते, याचे यापेक्षा स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

दोन नावांचा निर्णय

२०१० मध्ये अलेक्स क्लार्क यांनी पिलो नावाने पीआयएलचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन स्वतंत्रपणे चालवलेली शाखा, काढला. ते प्लोन या आशयव्यवस्थापन प्रणालीच्या वर्तुळातले होते, आणि प्लोनच्या लोकांना पीआयएल बसवण्याचा त्रास रोजचाच होता. त्या वर्तुळातल्या इतरांनी आपापल्या गरजेपुरती पीआयएलची पुनर्बांधणी आधीच करून ठेवली होती. पिलोची पहिली आवृत्ती त्याच कामावर उभी राहिली.

तेव्हा १.१.७ येऊन एक वर्षही झालेले नव्हते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. म्हणजे मूळ प्रकल्प सोडून दिला गेला आहे असे सिद्ध झाल्यावर फोर्क निघाला नाही. बसवण्याचा एक मर्यादित प्रश्न सोडवण्यासाठी तो निघाला आणि मूळ प्रकल्प थांबल्याचे नंतरच्या काळात उघड होत गेले. क्लार्क यांच्यापुढे इतर मार्गही होते. पुढच्या पीआयएलची वाट पाहता आली असती, पण आधीचा तीन वर्षांचा खंड पाहता ती वाट किती लांबेल हे कोणी सांगू शकत नव्हते. सूचीवरचे पीआयएल हे नावच मिळवता आले असते, पण ते लेखकाच्या संमतीशिवाय मिळणे शक्य नव्हते आणि तशी कार्यपद्धतीही तेव्हा अस्तित्वात नव्हती. फोर्क काढायला परवान्याची आडकाठी मात्र नव्हती. स्वामित्वाची सूचना कायम ठेवावी आणि लेखकाचे किंवा कंपनीचे नाव पूर्वपरवानगीशिवाय जाहिरातीसाठी वापरू नये, एवढ्या अटींवर बदल आणि वितरण करण्याची मोकळीक त्यात होती.

पॅकेज बसवण्याचे नाव नवे, पण कोडमध्ये इम्पोर्ट करण्याचे नाव जुनेच, हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. पायथनमध्ये या दोन नावांचा एकमेकांशी संबंध असावाच लागतो असे नाही आणि पिलोने त्या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. पीआयएलमधून इमेज इम्पोर्ट करणारा जुना कोड, जुनी पुस्तके आणि जुनी शिकवणी पिलो बसवल्यावर तशीच चालत राहिली. वापरकर्त्याने बदलायचे ते फक्त आपल्या पॅकेजयादीतले एक नाव. त्याच वेळी थेट ‘इमेज’ इम्पोर्ट करण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत काढून टाकली गेली, म्हणजे वर सांगितलेल्या दुहेरी चढवणीचे मूळच उपटले गेले. सुसंगततेचे वचन देताना नेमका कोणता भाग वचनाबाहेर ठेवायचा हे इतक्या लवकर ठरवणे सोपे नव्हते.

या निर्णयाची किंमतही होती. पीआयएल आणि पिलो एकाच वातावरणात नांदू शकत नाहीत, कारण दोन्ही एकाच फोल्डरवर हक्क सांगतात. पिलोच्या सूचनांत आधी पीआयएल काढून टाका असे स्पष्ट लिहावे लागले. दोन पॅकेजांनी एकच इम्पोर्टनाव वापरणे सूचीच्या नियमांनी अडवले जात नाही, आणि जी वाट एका सद्हेतूच्या फोर्कला मोकळी असते ती दुसऱ्या कोणालाही मोकळी असते. पिलोचाच एक वेगवान फोर्क, पिलो-सिम्ड, पुढे याच वाटेने निघाला आणि मुख्य पिलोच्या मागे पडत गेला. तो वापरणाऱ्यांना मूळचाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागला.

तीन वर्षांचा संयम

पिलोच्या १.० पासून १.७ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये चित्रप्रक्रियेच्या कोडला फारसा हात लावला गेला नाही. बांधणीची स्क्रिप्ट, फाइलींचे शोधमार्ग आणि पॅकेजची रचना एवढ्यापुरतेच काम मर्यादित होते. ज्यांना मूळ प्रकल्पाला पाठिंबा द्यायचा आहे त्यांनी दोष आधी लुंध यांच्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, नोंदवावा आणि मग पिलोकडे त्याची नोंद करावी, असे दस्तऐवजांत सांगितलेले असे. स्वतःची ओळख करून देताना हा प्रकल्प आजवर ‘पीआयएलचा स्नेही फोर्क’ असे म्हणत आला आहे आणि त्या वाक्यात मूळ लेखकाचे नाव कायम राहिले आहे.

हा संयम केवळ सौजन्याचा नव्हता असे माझे मत आहे. नवा फोर्क काढणाऱ्याला पहिल्याच महिन्यात सगळे नीट करून टाकण्याचा मोह होतो: फंक्शनांची नावे सुधारावीत, जुन्या चुका निस्तराव्यात, रचना आधुनिक करावी. तसे केले असते तर वापरकर्त्यापुढे जुनी लायब्ररी आणि वेगळी लायब्ररी असा पेच उभा राहिला असता, आणि अशा पेचात बहुतेक जण जुन्याकडेच राहतात. पिलोने पहिली तीन वर्षे ‘तेच, पण बसणारे’ एवढेच देऊ केले. मूळ लेखक उद्या परत आला असता तरी दोन्ही कोड जुळवून घेणे शक्य राहील इतके अंतर या काळात राखले गेले.

हा तह मोडला तो पायथन ३ ने. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले होते आणि चित्रांची लायब्ररी नाही म्हणून कित्येक प्रकल्प पायथन ३ कडे जाऊ शकत नव्हते. हे काम केवळ पॅकेजिंगचे नव्हते. सी भाषेतला गाभा आणि अक्षरमाला व बाइट यांची सगळी हाताळणी त्यासाठी बदलावी लागणार होती. एका योगदानकर्त्याने स्वतंत्रपणे केलेले रूपांतर पिलोत विलीन झाले आणि मार्च २०१३ मध्ये पिलो २.० प्रकाशित झाली. तिच्यात पायथन २.६ व २.७ बरोबर ३.२ व ३.३ यांनाही आधार होता. तिथून पिलो हा वेष्टन सुधारणारा फोर्क न राहता पीआयएलचा प्रत्यक्ष वारसदार बनला. मूळ लेखकाच्या शब्दाची वाट पाहून झाली होती आणि वापरकर्त्यांची गरज स्पष्ट होती. याहून आधी हे पाऊल टाकले असते तर ते बळकावल्यासारखे दिसले असते.

वारसदार मानला कोणी

फोर्क काढणाऱ्याने स्वतःला वारसदार म्हणवून काही होत नाही. २०१३ मध्ये ज्यांच्या शब्दाला वजन होते अशांनी पाठोपाठ निर्णय घेतले. फेडोरा १९ या लिनक्स वितरणाने पीआयएल काढून तिच्या जागी पिलो ठेवली आणि डेबियन या दुसऱ्या वितरणानेही आपल्या पॅकेजांमध्ये तीच अदलाबदल केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या जँगो १.६ या पायथनमधल्या वेबप्रणालीने चित्रांसाठी पिलोला पसंती जाहीर केली आणि पीआयएलचा आधार पुढे काढून टाकण्याची सूचना दिली. जानेवारी २०१४ मधल्या पिप १.५ या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने सूचीबाहेरच्या सर्व्हरवरील फाइली आपणहून उतरवणे बंद केले, आणि पीआयएलची फाइल नेमकी तिथेच असल्याने तिची साधी बसवणी थांबली. हा शेवटचा बदल पीआयएलवर नेम धरून केलेला नव्हता, तो सुरक्षिततेसाठी होता. पण निष्क्रिय प्रकल्पाला असे सर्वसाधारण बदलच सर्वांत जास्त जाचतात, कारण फाइल हलवण्याचे पाच मिनिटांचे काम करायलाही तिथे कोणी नसते.

२०१४ मध्येच दोघींमधला फरक लख्ख दिसला. तात्पुरत्या फाइली असुरक्षित रीतीने तयार करणारा दोष काही मॉड्यूलांत सापडला. हा कोड मूळचा असल्याने पीआयएल १.१.७ आणि तोवरची पिलो या दोन्हींत तो होता. पिलोने तो २.३.१ मध्ये दुरुस्त केला. पीआयएलमध्ये तो १.१.७ बरोबर कायमचा राहिला. ज्या वापरकर्त्यांनी चालते आहे तर कशाला हलवा असा विचार केला होता, त्यांना याचे उत्तर देणे कठीण गेले असेल.

याच संदर्भात जावास्क्रिप्टच्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचे प्रकरण आठवते. त्याचा लेखक ते पॅकेज स्वतः वापरेनासा झाला होता, आणि मदतीची तयारी दाखवणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीकडे त्याने प्रकाशनाचे हक्क सोपवले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या व्यक्तीने एक नवी डिपेन्डन्सी, म्हणजे सोबत आपोआप उतरणारे दुसरे पॅकेज, जोडली, आणि तिच्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटला लक्ष्य करणारा घातक कोड आत आला. तो उघडकीला यायला नोव्हेंबर उजाडला. तिथे नाव जुनेच राहिले, हात बदलले, आणि नव्या आवृत्त्या कोणालाही न विचारता जुन्या विश्वासावर उतरत गेल्या. पिलोच्या बाबतीत बसवण्याचे नाव नवे असल्यामुळे प्रत्येक प्रकल्पाला, प्रत्येक वितरणाला एकदा तरी थांबून ‘आम्ही आता यांच्यावर विश्वास ठेवतो’ असे ठरवावे लागले. त्याने स्वीकाराची गती मंदावली हे खरे, पण तो विश्वास कोणाच्या नकळत हस्तांतरित झाला नाही.

नाव हस्तांतरित करण्याची रीतसर पद्धत पायथनमध्ये नंतर, २०१८ मध्ये, पेप ५४१ या पायथनच्या प्रस्ताव-दस्तऐवजाने मान्य झाली. मालकाशी संपर्क होत नाही, बारा महिन्यांत नवी आवृत्ती नाही आणि मालकाची अन्य हालचालही नाही, अशा तिन्ही गोष्टी असतील तर पॅकेज सोडून दिलेले मानता येते. संपर्काचे किमान तीन प्रयत्न केले जातात आणि सहा आठवड्यांनंतर ते थांबवले जातात. नाव मागणाऱ्याने मात्र आपल्या फोर्कमध्ये प्रत्यक्ष सुधारणा केल्याचे दाखवावे लागते आणि वेगळ्या नावाने काम का भागत नाही हेही पटवावे लागते. ही कसोटी २०१० च्या पीआयएलला लावून पाहिली तर ती पहिल्याच पायरीवर अडते, कारण १.१.७ तेव्हा बारा महिन्यांचीही नव्हती. पेपने आखलेला क्रम, म्हणजे आधी फोर्क, मग काम आणि मगच नावाचा प्रश्न, पिलोने मात्र नियम नसतानाच पाळला होता.

वारसदाराची स्वतःची देखभाल

एका माणसाच्या थांबण्याने निर्माण झालेला प्रश्न दुसऱ्या एका माणसावर सोपवला तर तो फक्त पुढे ढकलला जातो. पिलोची रेपॉझिटरी एका स्वतंत्र संस्थात्मक खात्याखाली ठेवली गेली, तिथे काही मोजक्या देखभालकर्त्यांना अधिकार आहेत, आणि प्रत्येक बदलावर निरनिराळ्या प्रणालींत आपोआप चाचण्या चालतात. मुख्य आवृत्त्यांच्या तारखाही ठरलेल्या आहेत: २ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १५ ऑक्टोबर. हे वेळापत्रक मला कोणत्याही आश्वासनापेक्षा मोलाचे वाटते. तारीख चुकली की कोणालाही लगेच कळते, आणि निष्क्रियतेला जी तारीख पीआयएलच्या वेळी नव्हती ती आता आपोआप मिळते. पैशाचा प्रश्न टाइडलिफ्टसारख्या, वर्गणीतून देखभालकर्त्यांना पैसे देणाऱ्या सेवांच्या सदस्यतांतून काही अंशी हाताळला जातो. पूर्ण सुटला आहे असे म्हणता येणार नाही, पण मुक्तस्रोतात तो पूर्ण सुटलेला पाहायला मिळतोच कुठे?

सुरुवातीचा संयमही कायमचा नव्हता. जानेवारी २०२० मधल्या पिलो ७.० ने पायथन २ सोडले. जुलै २०२३ मधल्या १०.० ने आधी सूचना देऊन ‘अँटीअलायस’ हे पीआयएलच्या काळापासूनचे स्थिरांकनाव काढून टाकले, तेव्हा कित्येक जुने प्रोग्रॅम मोडले आणि नाराजीही व्यक्त झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात लिबवेबपी या वेबपी चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला. पिलो ती आपल्या तयार संचात सोबत देत असल्याने १०.०.१ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. दोष पिलोच्या कोडमध्ये नव्हता, तरी जबाबदारी तिच्यावर आली.

मराठी वाचकांना या देखभालीचा एक थेट फायदा झाला आहे. जुन्या मांडणीपद्धतीत चित्रावर देवनागरी लिहिली तर अक्षरे युनिकोडच्या क्रमाने एकापुढे एक ठेवली जात. त्यामुळे पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाई, जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडत, आणि प्रमाणपत्रावर छापलेले ‘विद्या’ हे नाव ओळखू येत नसे. २०१७ मध्ये पिलो ४.२ ने राक्म या लायब्ररीच्या साहाय्याने जटिल लिप्यांची मांडणी आणली आणि २०२१ मध्ये ८.२ पासून राक्म तयार संचातच मिळू लागली. फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी संगणकावर असावी लागते एवढी अट मात्र राहिली. पीआयएल १.१.७ वरच सगळे थांबले असते तर पायथनमधून मराठी मजकुराची चित्रे तयार करणाऱ्यांना दुसरी साधने शोधावी लागली असती.

फ्रेड्रिक लुंध यांचे २०२१ च्या नोव्हेंबरात निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये आलेली पिलो ९.० त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली. पीआयएल हे सूचीतले नाव पिलोने स्वतःकडे घेतलेले नाही. इम्पोर्टचा त्रुटिसंदेश पाहून कोणी त्या नावाने पॅकेज बसवू लागला तर योग्य आवृत्ती सापडत नाही एवढेच उत्तर मिळते आणि शोधाशोध करून त्याला पिलोपर्यंत पोहोचावे लागते. ही गैरसोय दूर करता येईल, असे अधूनमधून सुचवले जाऊ शकते. माझ्या मते ती तशीच राहू द्यावी, कारण त्या नावाने आज नवी आवृत्ती उतरू लागली तर जुन्या यंत्रणांच्या पॅकेजयाद्यांत विसरून राहिलेल्या पीआयएलच्या जागी कोणाचाही निर्णय न होता दुसरेच सॉफ्टवेअर येईल.